गाडीची बॅटरी सारखी का उतरते?

विज्ञानाचा पाठ : मोठा गट आणि पालक

मुलांनो, हिवाळ्यातल्या सकाळी बाबा किल्ली फिरवतात, इंजिन कण्हते आणि गप्प बसते. शेजाऱ्यांच्या बॅटरीला तारा जोडून गाडी कशीबशी सुरू होते, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग नवी बॅटरी येते आणि कधी कधी पंधरा दिवसांत तीही उतरते! असे का होते, ते आज पाहू.

टाकीचे उदाहरण

आजोळच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. ती सारखी रिकामी होत असेल तर कारणे तीनच : टाकी फुटकी आहे, पंप पाणी चढवत नाही, किंवा घरात एखादा नळ गळतो आहे. नळ गळत असताना टाकी बदलून काय उपयोग? गाडीत बॅटरी ही टाकी, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर हा पंप, आणि दिवे, रेडिओ, हीटर हे नळ.

गाड्यांचे दिवे, डायनामो, बॅटऱ्या बनवणारी जोसेफ लुकास यांची कंपनी आपल्या बर्मिंगहॅमचीच. ग्रेट किंग स्ट्रीटवर तिचा मोठा कारखाना होता. १९६१ साली मद्रासला लुकास-टीव्हीएस निघाली, म्हणून हे नाव आजीआजोबांनाही ओळखीचे.

साहित्य : मल्टीमीटर, चार्जर, पाना, वही आणि एक मोठे माणूस.

सावधान : बॅटरीत गंधकाम्ल असते आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडू देऊ नये. अंगठी, बांगडी काढून ठेवावी. ऋण टोकाची तार आधी काढावी व शेवटी जोडावी. हे काम मोठ्यांनीच करावे. आकडे मुलांनी लिहावेत.

प्रयोग १ : टाकी किती भरली आहे?

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दोन्ही टोकांवर मीटर लावा.

१२.६ व्होल्ट : पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट : सुमारे पाऊण
१२.२ व्होल्ट : सुमारे अर्धी
१२.० व त्याखाली : जवळजवळ रिकामी

प्रयोग २ : पंप चालतो का?

इंजिन सुरू करून पुन्हा मोजा. आकडा साधारण १३.८ ते १४.७ हवा. दिवे लावताच तो १२ कडे घसरत असेल तर आल्टरनेटर, पट्टा किंवा तारा तपासून घ्या. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम कमीजास्त करतो. तेथे गॅरेजचा सल्ला घ्यावा.

प्रयोग ३ : टाकी फुटकी की नळ उघडा?

बॅटरी पूर्ण चार्ज करा, काही तास थांबून आकडा लिहा. ऋण तार काढून दोन दिवस ठेवा. रेडिओचा सांकेतिक क्रमांक आधी टिपून ठेवा. आकडा बराच उतरला तर दोष बॅटरीत आहे. टिकला तर तार जोडून, गाडी न चालवता, आणखी दोन दिवस ठेवा. आता उतरला तर गाडीच वीज पिते आहे. मेकॅनिक एकेक फ्यूज काढून हा गळका नळ शोधतो.

हिशोब : डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर सुमारे ०.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास वीज जाते. ६० अँपिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत कोरडी. इंजिन तर त्याआधीच रुसते.

तिन्ही प्रयोग ठीक निघाले तर प्रवास पाहा. दहा मिनिटांची फेरी, त्यात दिवे, वायपर, मागच्या काचेचा हीटर. पंपाला टाकी भरायला वेळ कुठे? त्यात थंडीने बॅटरीची शक्ती घटते. आठवड्यातून एकदा गाडी लांब फिरवून आणावी.

अनुमान : आम्ही संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो, तेथेही नियम हाच. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मोजा, मग पैसे खर्च करा.

शब्दार्थ : गंधकाम्ल – बॅटरीतील तीव्र आम्ल, ऋण टोक – वजा खुणेचे टोक, रुसणे – रागावून न बोलणे, अनुमान – निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष.

स्वाध्याय
१. 'रुसणे' हा शब्द पाठात कोणासाठी आला आहे? का?
२. निरोगी गाडीही उभी असताना सुमारे ०.०३ अँपिअर वीज घेते. आपण पाच आठवडे भारतात गेलो, तर ६० पैकी किती अँपिअर-तास उरतील?
३. आपल्या गाडीचे आकडे लिहून पुढच्या वर्गाला आणा.