सीडीतली लेणी परत मिळतील का?

प्रश्न : कार्ले, भाजे, बेडसे लेणी आणि लोहगडाची वीस वर्षांपूर्वीची छायाचित्रे सीडींवर आहेत. काही सीडी अडखळतात, एकीत निम्मेच फोटो दिसतात. पायथॉन थोडेफार येते. काय करावे?
– एक वाचक, मळवली

उत्तर : आधी प्रत, मग बाकी सगळे. मावळातल्या दमट पावसाळ्यांत सीडी-आरचे थर खराब होऊ शकतात. अशी सीडी पुन्हापुन्हा उघडून पाहण्यापेक्षा लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ने अख्ख्या सीडीची आयएसओ प्रतिमा घ्यावी. सेक्टरचा आकार २०४८ बाइट द्यावा आणि नोंदफाइल जरूर ठेवावी. मग राहिलेले सेक्टर तेवढेच दुसऱ्या ड्राइव्हवर वाचता येतात. एका ड्राइव्हला न जमलेले दुसऱ्याला अनेकदा जमते.

निम्म्या फोटोंचे कारण बहुधा वेगळे आहे. सीडी टप्प्याटप्प्याने भरली असेल आणि शेवटच्या सत्रात आधीच्या फाइलींची यादी घेतली नसेल, तर संगणक शेवटचेच सत्र दाखवतो. फोटो जागेवरच असतात! ‘लिबआयएसओएफएस’ ही लायब्ररी जुनी सत्रेही वाचते. तिच्यावर उभ्या असलेल्या ‘झॉरिसो’त मूळ सीडीवरचे हवे ते सत्र निवडता येते.

पायथॉनसाठी ‘पायसीडीलिब’ उत्तम. ती प्रतिमेतून फाइली काढते, नवी प्रतिमाही बनवते. फाइलींची नावे देवनागरीत हवी असतील तर जोलिएट विस्तार वापरावा, कारण आयएसओ ९६६० या सीडीवरील फाइलरचनेच्या मूळ नियमांत ती बसत नाहीत. प्रत्यक्ष डिस्क बर्न करणे मात्र ‘लिबबर्न’चे काम. बर्न झाल्यावर चेकसम ताडून पाहावा, आणि एक प्रत हार्ड डिस्कवर दुसऱ्या घरी ठेवावी.