पाण्याची धार आणि भूल

चि. रेवास,


पाण्याने चरबी काढतात म्हणजे धोका नाही, असं तुला क्लिनिकमध्ये सांगितलं. त्यातलं पहिलं खरं आहे. लिडोकेन हे भुलीचं औषध आणि ॲड्रेनॅलिन मिसळलेलं सलाईन पंख्यासारख्या धारेने त्वचेखाली सोडतात. चरबी सुटी होते आणि त्याच वेळी ओढून घेतली जाते. आजूबाजूच्या नसा आणि रक्तवाहिन्यांना त्यामुळे मार कमी बसतो. जर्मनीत लिपिडिमा या चरबी साठण्याच्या आजाराच्या रुग्णांवर ही पद्धत वापरतात ती म्हणूनच.

माझा जन्म भूल देण्यात गेला, त्यामुळे पाण्यापेक्षा पाण्यात काय मिसळलंय याकडे माझं लक्ष जातं. पातळ लिडोकेन भरून चरबी काढायची रीत कॅलिफोर्नियाच्या डॉ. जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. पुढे त्यांनी किलोमागे ३५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. तुझ्या साठ किलोंना २१००. धारेबरोबर बरंचसं पाणी परत ओढलं जातं, तरी उरलेलं लिडोकेन चरबीतून सावकाश रक्तात उतरतं. रक्तातली पातळी कित्येक तासांनी शिखर गाठते, म्हणजे तू घरी पोचल्यावर. ओठांना मुंग्या आल्या, कानात गुणगुण झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. गंमत बघ, लिडोकेनच्या या विषबाधेवर शिरेतून देतात ते औषधही चरबीचंच असतं! ते थिएटरमध्ये ठेवलेलं आहे का, आणि भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत थांबणार का, हे विचार. मशीन कुठल्या कंपनीचं, हे नंतर.

ताईसारखी साखर मागे लागू नये म्हणून करतेयस, असंही लिहिलंस. ते मात्र होणार नाही. २००४ मध्ये अमेरिकेत पंधरा स्थूल स्त्रियांची सुमारे दहा-दहा किलो चरबी काढली. तीनेक महिन्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम आणि रक्तदाब होते तिथेच. आतड्यांभोवतीच्या चरबीपर्यंत ही नळी जातच नाही. कंबरेचा आकार हवा असेल तर तसं सरळ म्हण, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि दिवाळीनंतर करून मार्गशीर्षात बोहल्यावर उभं राहायचं हा बेत सोड. सूज उतरायला महिने लागतात, घट्ट पट्टा काही आठवडे दिवसरात्र घालावा लागतो. शालूखाली तो तुला सोसणार नाही. लग्न होऊ दे. उन्हाळ्यात तरीही वाटलं, तर सर्जनच्या एम.सी.एच. पदवीची आणि तुझ्या रक्ततपासणीची प्रत मला पाठव, मग फोनवर बोलू.

तुझी,
माई मावशी