अफ्लाटॉक्सिनची चाचणी: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

शेंगदाण्यात 312 वस्तुमानाचे दोन रेणू असू शकतात. एक अराकिडिक आम्ल, म्हणजे शेंगदाणा तेलात नेहमीच असणारं मेदाम्ल. दुसरा अफ्लाटॉक्सिन बी1. हे अस्परजिलस फ्लेव्हससारख्या बुरशीने सोडलेलं विष आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. पूर्णांकात मोजलं तर दोघांत फरक दिसत नाही. दशांश चिन्हापुढची चार घरं वाचली, की मेदाम्ल 312.3028 आणि विष 312.0634 भरतं. कार्बनचा अणू बरोबर 12 धरला तर हायड्रोजन 1.0078 आणि ऑक्सिजन 15.9949 येतो. मेदाम्लात हायड्रोजनचे 40 अणू आहेत, विषात 12. तफावत तिथून येते.

ही चार घरं खात्रीने वाचणाऱ्या यंत्रांना हाय रिझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमीटर (एचआरएमएस) म्हणतात. ऑर्बिट्रॅप आणि क्यू-टॉफ ही त्यांतली नेहमी कानावर पडणारी नावं. यंत्रं कोट्यवधींची असतात, म्हणून त्यांवरच्या चाचणीचा दरही चढा असतो. शेतकरी उत्पादक कंपन्या, लाकडी घाण्याचं तेल काढणारे, चटण्या आणि लाडू विकणारे बचत गट, आयुर्वेदिक अर्क बनवणारे उद्योजक, पीएचडीचे विद्यार्थी अशा सगळ्यांच्या हातात प्रयोगशाळांची दरपत्रकं येतात. ‘एचआरएमएस’ असं लिहिलेली ओळ सगळ्यांत महाग, म्हणून तीच सगळ्यांत खात्रीची असं अनेकांना वाटतं. हा समज पैसे घालवतो, आणि कधी कधी माल असुरक्षित असूनही मनाला खोटा दिलासा देतो.

अचूक वस्तुमानाने रेणूचं सूत्र कळतं, रचना कळत नाही. अफ्लाटॉक्सिन जी1 आणि एम1 यांचंच पाहा. दोघांचं सूत्र एकच: कार्बन 17, हायड्रोजन 12, ऑक्सिजन 7. दोघांचं वस्तुमान 328.0583. जी1 बुरशी लागलेल्या दाण्यात सापडतं. एम1 मात्र गाईच्या यकृतात बी1 पासून तयार होऊन दुधात उतरतं. जगातल्या सर्वांत महागड्या यंत्रानेही निव्वळ वस्तुमान पाहून या दोघांना वेगळं सांगता येणार नाही. त्यासाठी रेणू फोडून त्याचे तुकडे पाहावे लागतात (प्रोटॉन चिकटलेल्या एम1चा ठळक तुकडा 273 च्या आसपास येतो, जी1चा 243 च्या). शिवाय रेणू वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून तो किती मिनिटांनी बाहेर पडतो हे पाहावं लागतं, आणि शेजारी त्याच रेणूचं शुद्ध संदर्भद्रव्य चालवावं लागतं. खरी ओळख या तीन गोष्टी जुळल्यावर पटते. दर विचारताना या तिन्ही गोष्टी त्यात धरल्या आहेत का, हे आधी विचारा.

कोणाला कोणती चाचणी

पुढचे आकडे ढोबळ आहेत. ते प्रयोगशाळेगणिक आणि नमुन्यांच्या संख्येनुसार बदलतात, आणि त्यांवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. लेखी कोटेशन घेतल्याशिवाय नमुना पाठवू नका.

माल विकत घेताना ‘घ्यायचा की नाही’ एवढंच ठरवायचं असेल, तर पट्टी चाचणी पुरते. एका पट्टीला साधारण 300 ते 800 रुपये पडतात, पण पट्ट्या सुट्या मिळत नाहीत, पाकीट घ्यावं लागतं. पट्टीवर विषाचा रेणू ओळखणारी प्रतिपिंडं असतात. वस्तुमानाशी तिचा काही संबंध नाही. कमी खर्चात, जागेवर, अर्ध्या तासाच्या आत निर्णय मिळतो. दूध संकलन केंद्रावर एम1 साठी हीच पद्धत शहाणपणाची आहे. मात्र पट्टीचा निकाल खरेदीदारापुढे किंवा वादात टिकत नाही. शंका आलेला माल बाजूला काढणं, एवढंच तिचं काम.

विक्रीसाठी किंवा परवान्यासाठी अहवाल हवा असेल, तर बी1, बी2, जी1, जी2 या चार अफ्लाटॉक्सिनांची एचपीएलसी या क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावरची चाचणी घ्या. खर्च साधारण 2,000 ते 4,500 रुपये. हे चारही रेणू अतिनील प्रकाशात स्वतः चमकतात, बी निळे आणि जी हिरवट. त्यामुळे वस्तुमान न मोजताही ते फार कमी प्रमाणात पकडता येतात. ज्याला फक्त अफ्लाटॉक्सिनचा आकडा हवा आहे, त्याने यापुढे जाऊन एचआरएमएसचा दर देण्याचं कारण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मका, ज्वारी किंवा पशुखाद्यात एकाच वेळी अनेक बुरशीविषांची शक्यता असेल, म्हणजे अफ्लाटॉक्सिनबरोबर फ्युमोनिसिन, ऑक्राटॉक्सिन, डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, तर एलसी-एमएस/एमएस हे क्रोमॅटोग्राफीला वस्तुमान मोजणी जोडलेलं यंत्र परवडतं. साधारण 4,000 ते 9,000 रुपयांत बरीचशी विषं एकाच फेरीत मोजली जातात. हे यंत्र चार घरं वाचत नाही, पूर्णांकाच्या आसपासच वाचतं. पण ठरलेला रेणू पकडून फोडतं आणि ठरलेले तुकडे मोजतं, म्हणून त्याचा निकाल भरवशाचा असतो. युरोपला माल पाठवणारे निर्यातदार बहुतेक याच वाटेने जातात.

मग एचआरएमएस कुणासाठी? काय शोधायचं हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी. जनावरं अचानक दगावली आणि चाऱ्यात नेहमीची विषं सापडली नाहीत. एखाद्या वनस्पतीच्या अर्कात नेमकं काय आहे ते पाहायचं आहे. किंवा स्वतः वेगळा केलेला नवा रेणू आहे आणि त्याचं सूत्र सिद्ध करायचं आहे. शेवटच्या कामाला विद्यापीठांच्या सुविधांत काहीशे ते 2,000 रुपये पुरतात. अर्काची संपूर्ण तपासणी मात्र एका नमुन्याला 3,000 पासून 15,000 पर्यंत जाऊ शकते. मुंबईत आयआयटी पवईच्या अत्याधुनिक उपकरण सुविधेत बाहेरच्यांचे नमुने घेतात. देशभरातली सरकारी पैशातून घेतलेली अशी यंत्रं आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर शोधता आणि राखून ठेवता येतात. अशा ठिकाणी शिक्षणसंस्थांना एक दर आणि उद्योगांना दुसरा, बराच चढा दर असतो. छोट्या उद्योजकाने जवळच्या महाविद्यालयाबरोबर रीतसर संयुक्त प्रकल्प केला तर खर्च हलका होऊ शकतो. काम खरोखर संयुक्त असावं, नुसतं नाव उसनं घेऊ नये.

नमुना: इथेच पैसे वाया जातात

सगळ्यांत जास्त चूक यंत्रात होत नाही, पोत्यापाशी होते. अफ्लाटॉक्सिन मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखाद-दुसऱ्या कुजक्या दाण्यात ते प्रचंड असतं. एका किलोला दहा लाख मायक्रोग्रॅमच्या वर, असे शेंगदाण्याचे सुटे दाणे मोजले गेले आहेत. हिशोब करून पाहा. अर्ध्या ग्रॅमच्या अशा एका दाण्यात 500 मायक्रोग्रॅम विष असतं. तो 20 किलो स्वच्छ दाण्यांत मिसळला तर सरासरी किलोला 25 मायक्रोग्रॅम येते. पुढील प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याला भारतात 15 ची, थेट खाण्याच्या दाण्याला 10 ची मर्यादा आहे. म्हणजे सुमारे चाळीस हजारांतला एक दाणा सगळा नमुना नापास करतो. पोत्याच्या तोंडातून मूठभर, पाव किलो दाणे काढून पाठवले तर तो दाणा त्यात येण्याची शक्यता नगण्य आहे. अहवाल ‘आढळले नाही’ असा येतो, आणि माल तसाच राहतो.

म्हणून मोठ्या खेपेसाठी ढिगाच्या वेगवेगळ्या थरांतून आणि वेगवेगळ्या पोत्यांतून अनेक लहान भाग काढायचे, ते एकत्र करायचे. युरोपच्या नियमांत मोठ्या खेपेसाठी शंभर भाग मिळून 20 किलो घेतात. मग सगळाच्या सगळा नमुना बारीक दळून एकजीव करायचा, आणि त्यातून यंत्रासाठी थोडा घ्यायचा. आधी थोडे दाणे वेगळे काढून तेवढेच दळणं म्हणजे वरची सगळी मेहनत पाण्यात.

समजा दहा टनांची खेप आहे. किलोला 140 रुपये धरले तर 20 किलो नमुन्याचे दाणेच 2,800 रुपयांचे. चाचणी 3,000, जीएसटी धरून 3,540. दळणाचे आणि वाहतुकीचे वेगळे. एकूण सात हजारांच्या आसपास, म्हणजे किलोला सत्तर पैसे. दाण्यांचे 2,800 वाचवायला पाव किलो पाठवला तर उरलेले 3,540 कशासाठी भरले, याला उत्तर उरत नाही. प्रयोगशाळा मोठा नमुना स्वीकारते का, पूर्ण दळते का, त्याचे वेगळे किती घेते, हे फोनवरच विचारून घ्या. काही ठिकाणी ‘200 ग्रॅम पुरे’ असं सांगतात. त्यांच्या यंत्राला तेवढं पुरतं, तुमच्या खेपेला पुरत नाही.

चाचणीच्याही आधी एक स्वस्त काम आहे. काळवंडलेले, सुरकुतलेले, अळीने पोखरलेले, फुटके दाणे हाताने किंवा रंग ओळखणाऱ्या निवड यंत्राने वेचून काढले की विष मोठ्या प्रमाणात कमी होतं, कारण ते बहुतेक त्यांच्यातच असतं. भाजल्याने ते काही अंशी घटतं, पूर्ण जात नाही. घाण्याच्या तेलाबाबत सांगायचं तर बरंचसं विष पेंडीत राहतं, आणि रिफायनिंगमधला अल्कलीचा टप्पा तेलात उरलेलं काढून टाकतो. लाकडी घाण्यात हा टप्पा नसतो. त्यामुळे तिथे दाण्याची निवड हाच खरा बचाव. पेंड जनावरांना घालत असाल तर तीही तपासा. दुधातल्या एम1 ला भारतात किलोला 0.5 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आणि दूध उकळून एम1 जात नाही. दूषित पेंड बंद केली की काही दिवसांत दूध सुधारतं.

ही काळजी का घ्यायची, याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. 1974 मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी शेंगदाणा पेंडीने मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला होता. पक्षी आधी मेले, विषाचं नाव नंतर कळलं. आपल्याला नाव आधीच ठाऊक आहे.

अहवाल हातात आल्यावर

प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचा शिक्का पाहून थांबू नका. मान्यता चाचणीगणिक आणि पदार्थागणिक असते. प्रयोगशाळेच्या व्याप्तीच्या यादीत ‘शेंगदाणा – अफ्लाटॉक्सिन’ आहे का, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतं. ‘आढळले नाही’ असं लिहिलं असेल तर शेजारी मोजमापाची खालची मर्यादा लिहिलेली हवी. जी पद्धत किलोला 5 मायक्रोग्रॅमच्या खाली पाहूच शकत नाही, तिचं ‘आढळले नाही’ युरोपच्या खरेदीदाराला निरुपयोगी आहे. तिथे थेट खाण्याच्या शेंगदाण्यात बी1 ला 2 आणि एकूण अफ्लाटॉक्सिनला 4 ची मर्यादा आहे. नमुन्यात मुद्दाम मिसळलेल्या विषापैकी किती टक्के परत मोजलं गेलं, तो आकडाही मागा. चांगली प्रयोगशाळा तो देते.

एचआरएमएसचा अहवाल असेल तर जास्त सावध राहा. अर्क पाठवणाऱ्यांना बहुतेक वेळा शेकडो नावांची यादी मिळते. यंत्राने मोजलेलं प्रत्येक वस्तुमान संगणकाने एखाद्या माहितीसंचातल्या नावाशी जोडलेलं असतं. तुळशीच्या अर्कात भलतंच कृत्रिम औषध ‘सापडतं’ ते यामुळेच. ही यादी जशीच्या तशी बाटलीच्या लेबलवर, जाहिरातीत किंवा प्रबंधात टाकणं म्हणजे ग्राहकाची आणि विज्ञानाचीही फसवणूक आहे. 2014 मध्ये मांडलेली एक पाच पायऱ्यांची श्रेणी आज सर्वत्र वापरतात. पाचवी, सर्वांत खालची पायरी म्हणजे नुसतं अचूक वस्तुमान. चौथी म्हणजे निश्चित सूत्र. तिसरी संभाव्य रचना. दुसरी म्हणजे ग्रंथालयातल्या तुकड्यांशी जुळलेली रचना. पहिली म्हणजे संदर्भद्रव्याशी पटवलेली ओळख. कोटेशन मागतानाच लिहा: ‘प्रत्येक नावापुढे पायरी हवी, मोजलेलं आणि अपेक्षित वस्तुमान हवं, फरक दशलक्षांशात हवा.’ साधारण 5 दशलक्षांशाच्या आतला फरक चांगला मानतात. अफ्लाटॉक्सिन बी1 प्रोटॉनसह 313.0707 ला दिसतं, तिथे 5 दशलक्षांश म्हणजे 0.0016. ज्या नावासाठी तुम्ही दावा करणार आहात, त्या एक-दोन रेणूंचं संदर्भद्रव्य विकत आणायला सांगा. त्यासाठी काही हजार रुपये जास्त पडतील, विषांच्या बाबतीत दहा-वीस हजारही. माझ्या मते या सगळ्या खर्चात वसूल होणारा तो एकच भाग आहे. कच्ची फाइलही मागून ठेवा. ती उद्या जीएनपीएससारख्या मोफत साधनांवर पुन्हा तपासता येते.

घरगुती ग्राहकालाही एक वाट आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 च्या कलम 40 नुसार कोणीही खरेदीदार ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगायचा. माल कायद्याविरुद्ध निघाला तर फी परत मिळते. पावती घ्या आणि पाकीट दुकानातच सीलबंद करून घ्या. उरलेला नमुना प्रयोगशाळा किती दिवस जपून ठेवते तेही लिहून घ्या, कारण निकालावर वाद झाला तर फेरतपासणी त्याच नमुन्यावर मागावी लागेल.