महासाथीत वृद्ध व दीर्घ आजारी माणसांचे रक्षण : एक अभ्यास

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आला आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह फिरत तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. आपण इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून ते करीत नाहीत, असे त्याने सांगितले. भगवंतांनी पाणी आणविले, स्वतः पाणी घातले, आनंदाने त्यास धुतले आणि दोघांनी उचलून त्यास बिछान्यावर निजविले.

या प्रसंगातील ‘उपयोगी नाही’ हा विचार महासाथीच्या काळात फार घातक ठरतो. तो धडधाकट माणसांच्या मनात येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आजारी माणसाच्या स्वतःच्या मनातही येतो. प्रस्तुत लेखात आम्ही याच अंगाने विचार करणार आहोत.

१) महासाथ कोणास गाठते?

प्रत्येक साथ सारख्याच माणसांना मारीत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने प्रामुख्याने २० ते ४० वर्षांच्या तरण्याताठ्या माणसांचा बळी घेतला. कोविडचे उलट झाले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढची माणसे ८.६ टक्केच होती. परंतु २०२० मध्ये कोविडने झालेल्या नोंदणीकृत मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक त्यांचे होते. वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. त्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा वा फुप्फुसाचा आजार असला की धोका आणखी वाढतो.

मात्र वय आणि आजार यांखेरीज तिसरेही एक कारण असते, ते म्हणजे राहणीची जागा. १९१८ च्या साथीत मुंबई शहरात युरोपियनांचे मृत्यू दर हजारी ८.३ होते. सरकारी नोंदीत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते, त्यांचे दर हजारी ६१.६ होते. ते आपलेच आजे-पणजे. रोगाला जात कळत नाही. पण दाटीची खोली, अपुरे अन्न आणि वेळेवर न मिळणारा उपचार या गोष्टी जातीप्रमाणे वाटल्या गेल्या होत्या. म्हणून ‘वृद्धांना वेगळ्या खोलीत ठेवा’ असे सांगणे सोपे असले, तरी ज्याच्या घरात दोनच खोल्या आहेत त्याने काय करावे, याचेही उत्तर आपणच शोधावयास हवे.

२) आमच्या घरातील चूक

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. बँक अत्यावश्यक सेवेत असल्याने आम्हांस रोज जावे लागे. घरी ६८ वर्षांच्या मातोश्री, त्यांना मधुमेह व रक्तदाब. आम्ही मोठ्या काळजीने त्यांस आतल्या खोलीत बसविले. संध्याकाळचे ओट्यावर बसणे बंद, नातवंडांनी जवळ जाणे बंद, जेवणाचे ताट उंबऱ्याशी. आपण आईस वाचवीत आहोत, असे आम्हांस मनापासून वाटत होते.

जुलैत त्यांच्या पायाला जखम झाली, ती भरेना. रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर २६० निघाली. खोदून विचारल्यावर कळले की, गेले दोन महिने त्या गोळी अर्धी करून घेत होत्या. त्या म्हणाल्या, “तू रोज शंभर माणसांत जाऊन येतोस. माझ्या गोळीपायी आणखी एका रांगेत कशाला उभा राहतोस?”

आम्ही दार लावून घेतले, पण गोळ्या मोजल्या नाहीत. जखम भरण्यास चार महिने लागले. कोरोना त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. आमचे दुर्लक्ष मात्र पोहोचले होते.

३) रक्षण म्हणजे काय?

या अनुभवातून आणि त्या काळात वाचलेल्या-ऐकलेल्या माहितीतून काही गोष्टी आम्हांस पटल्या, त्या क्रमाने मांडतो.

(अ) नियम बाहेर जाणाऱ्याने पाळावेत. म्हातारे माणूस घरातच असते. रोग बाहेरून येणारा आणतो, तोही पुष्कळदा स्वतःस लक्षणे दिसण्यापूर्वीच. म्हणून मास्क, हात धुणे व गर्दी टाळणे ही कमावत्या माणसाची जबाबदारी आहे. दोन खोल्यांच्या घरात वृद्धाचा बिछाना उघड्या खिडकीजवळ करावा आणि वारा खेळता ठेवावा. घरात कोणाला खोकला-ताप असल्यास त्याने जवळ जाताना मास्क लावावा. बोलणे मात्र बंद करू नये.

(ब) चालू औषध खंडू देऊ नये. निदान महिन्याच्या गोळ्या घरात असाव्यात, त्यांची नावे व वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात आणि दर आठवड्यास पाकिटे मोजावीत. साथीच्या धामधुमीत जुने आजार मागे पडतात. २०१९ मध्ये देशात क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे १८ लाखच. क्षय कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते.

(क) लक्षणांची वाट पाहू नये. वृद्धांना ताप येईलच असे नाही. अचानक जेवण सुटणे, भ्रमिष्टासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे हीही लक्षणे असू शकतात. कोविडमध्ये दम न लागताही रक्तातील प्राणवायू घटतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला, तर डॉक्टरांना गाठावे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी घरोघरी प्राणवायूची मोजणी व जुन्या आजारांची विचारपूस केली, ती याच कारणासाठी.

(ड) ऐकीव औषध देऊ नये. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचतात, हे जून २०२० मध्ये सिद्ध झाले. ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांस त्याचा लाभ दिसला नाही. शिवाय त्याने साखर वाढते. २०२१ मध्ये मधुमेही रुग्णांत काळ्या बुरशीचा आजार फैलावला, त्याची मुळे वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर यांत होती.

(इ) लस टाळू नये. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढील सर्वांस आणि ४५ च्या पुढील ठरावीक आजार असलेल्यांस लस खुली झाली. नोंदणी मोबाइलवर होती, आणि पुष्कळ म्हाताऱ्यांकडे तसा मोबाइलच नव्हता. वस्तीतील विद्यार्थ्यांनी त्यांची नोंदणी करून दिली, हाताला धरून केंद्रावर नेले. अंथरुणास खिळलेल्यांसाठी मुंबईत घरी जाऊन लस देण्याचे काम जुलै २०२१ च्या अखेरीस सुरू झाले.

(ई) रांग कमी करावी. हे आमच्या नोकरीतले आहे. एप्रिल २०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत ५०० रुपये जमा झाले. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस नेमून दिले : ० व १ असणाऱ्यांना ३ एप्रिल, २ व ३ असणाऱ्यांना ४ एप्रिल, याप्रमाणे. पैसे परत जातील या भीतीने तरीही कित्येक आजीबाई पहाटेपासून उभ्या राहिल्या. नियम केला होता, पण त्यांना समजावून सांगणारे घरात कोणी नव्हते. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचेही तसेच. ८० वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि पोस्टमन घरी येऊन तो करून देतो. ही माहिती ज्यांना हवी, त्यांच्यापर्यंतच ती उशिरा जाते.

४) संस्थेने व विद्यार्थ्यांनी काय करावे?

कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली. साथी मात्र संपलेल्या नाहीत. म्हणून आजच आपल्या वस्तीतील एकट्या व आजारी वृद्धांची एक वही करावी. नाव, आजार, चालू औषधे, जवळचा नातेवाईक आणि त्या घराकडे पाहणारा एक विद्यार्थी, एवढी नोंद पुरे. त्या विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा दारात उभे राहून तीन प्रश्न विचारावेत : गोळ्या किती उरल्या? काल काय जेवलात? कोणाशी बोलावेसे वाटते?

अभ्यासवर्गासाठी प्रश्न : (१) आपल्या घरातील वृद्धांच्या औषधांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय? (२) दोन खोल्यांच्या घरात आजारी व्यक्तीची सोय कशी कराल? (३) ‘काळजी घेणे’ आणि ‘कोंडून ठेवणे’ यांतील फरक स्वतःच्या अनुभवातून सांगा.

त्या भिक्षूला धुऊन-पुसून बिछान्यावर निजविण्यास दोन माणसे पुरली. त्याचा काय उपयोग, हा हिशोब त्या दोघांनी केला नाही. आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसावर तो हिशोब स्वतःच मनात मांडून गोळी अर्धी करण्याची वेळ येऊ नये, एवढे जरी आपण सांभाळले, तरी पुढच्या साथीत पुष्कळ जीव वाचतील.