लस किती, चाचणी किती? गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाचा हिशेब

मुलीला एचपीव्हीची लस द्यायची म्हणून चौकशी केलीत, तर एक दवाखाना चार हजार सांगतो आणि दुसरा जवळजवळ बावीस हजार. दोघांपैकी कोणी लुबाडत नसतं. लसी वेगळ्या आहेत एवढंच. पण हा फरक कशाचा, आणि वरचे सतरा-अठरा हजार भरून पदरात नेमकं काय जास्त पडतं, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. मुलीच्या वयावरून डोस दोन की तीन ठरतात, म्हणजे बिलही बदलतं, हेही बरेचदा दुसऱ्या खेपेला कळतं.

आधी हा खर्च करायचा कशासाठी ते पाहू. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना होतो आणि त्यात जवळपास ८० हजार जणी दगावतात. हे २०२२चे जागतिक अंदाज आहेत. या कर्करोगाचं मूळ जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गात असतं. हे नातं दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. लसीला आणि तपासणीला वाव मिळतो तो याच काळात.

पुढच्या किमती खासगी दवाखान्यांतल्या आणि ढोबळ आहेत. शहर बदललं की त्या थोड्या हलतात. लसीच्या बाबतीत वेष्टनावरची छापील किंमत हाच अखेरचा शब्द, आणि ती बघायला मागण्यात संकोच करू नये.

लसीचं बिल

बाजारात मुख्यतः तीन लसींची नावं ऐकू येतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' जानेवारी २०२३ मध्ये आली. तिचा एक डोस दोन हजारांच्या आसपास पडतो. 'गार्डासिल' ही परदेशी लस डोसाला चार हजारांच्या घरात जाते. 'गार्डासिल ९'चा एकेक डोस पावणेअकरा हजारांच्या आसपास. यावर डॉक्टरांची तपासणी फी आणि टोचण्याचे दोन-चारशे रुपये वेगळे.

पहिल्या दोन लसी विषाणूच्या त्याच चार प्रकारांविरुद्ध आहेत: ६, ११, १६ आणि १८. यातले १६ आणि १८ कर्करोगाचे, तर ६ आणि ११ जननेंद्रियावरच्या चामखिळींचे. 'गार्डासिल ९'मध्ये कर्करोगाचे आणखी पाच प्रकार येतात. भारतात या कर्करोगाच्या पाचपैकी सुमारे चार रुग्णांत १६ किंवा १८ हाच प्रकार सापडतो. म्हणजे संरक्षणाचा मोठा वाटा दोन हजारांच्या डोसातच मिळतो, आणि नऊ प्रकारांची लस उरलेल्यातला बराचसा भाग भरून काढते. 'सर्व्हावॅक'ला मान्यता मिळाली ती जुन्या 'गार्डासिल'इतकीच प्रतिपिंडं शरीरात तयार होतात हे दाखवून. जुन्या लसीमागे मात्र वर्षानुवर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आहे. स्वीडनमध्ये १७ वर्षांचं होण्याआधी ती घेतलेल्या मुलींत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला.

माझं मत विचाराल तर मध्यमवर्गीय घरानं 'सर्व्हावॅक' घ्यावी आणि वाचलेल्या पैशातून मुलीच्या आईची चाचणी करावी. कारण आईचं वय लसीचा पुरता फायदा मिळण्याचं राहिलेलं नसतं, आणि धोक्याच्या वयात तर तीच असते. ज्यांना वीस-बावीस हजार जड जात नाहीत त्यांनी नऊ प्रकारांची खुशाल घ्यावी. पण ती परवडत नाही म्हणून लसच पुढे ढकलत राहणं हा सगळ्यात महागात पडणारा मार्ग.

पुढे ढकलण्याची किंमत थेट बिलात दिसते. पहिला डोस १५वा वाढदिवस होण्याआधी घेतला तर सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात. पंधरा उलटल्यावर सुरुवात केली की तीन घ्यावे लागतात: पहिला, दोन महिन्यांनी दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. 'सर्व्हावॅक'चे चार हजार सहावर जातात, 'गार्डासिल ९'चे साडेएकवीस हजार बत्तिसावर. मुलगी नववीत असेल आणि वाढदिवस जवळ आला असेल तर 'दहावीची परीक्षा होऊ दे, मग बघू' हे वाक्य एका डोसाच्या किमतीचं आहे. खरं तर नऊ ते चौदा हे वय सांगितलंय ते पैशासाठी नाहीच. विषाणूशी गाठ पडण्याआधी लस टोचली तरच ती पुरी लागू पडते, आणि लहान वयात शरीर तिला जोमदार प्रतिसाद देतं.

मग एकाच डोसाची चर्चा आहे ती काय? त्यामागे एक भारतीय योगायोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ साली भारतात दोन विरुद्ध तीन डोस असा अभ्यास सुरू केला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होते. दरम्यान तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात दुसऱ्याच एका एचपीव्ही लस प्रकल्पातल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. संमती घेण्याच्या पद्धतीवर मात्र ठपका आला, आणि तो रास्तच होता. २०१० साली सरकारनं अशा अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्यामुळे दोन विरुद्ध तीन डोसांच्या अभ्यासातल्या सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ साली निकाल आले तेव्हा १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसानं मिळालेलं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे दोन-तीन डोसांच्या तोडीचं.

अशा पुराव्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असं सांगितलं. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ खासगीत अजून दोन डोस देतात आणि लसीच्या कागदावरही तेच लिहिलेलं असतं. दोनांची ऐपत असेल तर दोन घ्या. पण दोन मुली आहेत आणि पैसे दोनच डोसांचे, अशी अडचण असेल तर डॉक्टरांशी उघड बोला. एकीला दोन आणि दुसरीला शून्य, यापेक्षा दोघींना एकेक बरा. एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं दुसरं दुखणं असेल तर ही सवलत नाही; तिथे जास्त डोस लागतात.

पैसे मोजण्याआधी सरकारी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारून घ्या. मुलीच्या वयासाठी मोफत मोहीम चालू असेल तर तीच लस आहे, तिला दुय्यम समजू नये. खासगीत घेणार असाल तर एक बारकावा लक्षात ठेवा. 'सर्व्हावॅक' सुरुवातीला दोन डोसांच्या कुपीत आली. तशी कुपी असेल तर दवाखाना दोन मुली एका दिवशी बोलावतो. मैत्रिणीला सोबत न्या, कुपी डोळ्यांसमोर उघडायला सांगा आणि बिल एकाच डोसाचं आहे ना ते बघा. लस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. म्हणून औषधाच्या दुकानातून विकत घेऊन भर उन्हात पिशवीतून नेऊ नका. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, कारण या वयाच्या मुलींना कोणत्याही सुईनं भोवळ येऊ शकते. पाळी चालू असली तरी लस घेता येते.

लसीआधी एचपीव्हीची चाचणी सुचवली तर नको म्हणा. तिची गरज नसते. मुलग्यांनाही ही लस देता येते, पण पैसे मोजके असतील तर आधी मुलीला.

आईची चाचणी

इथे तीन वाटा आहेत. सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे सरकारी केंद्रातली मोफत तपासणी. परिचारिका किंवा डॉक्टर गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधलंच आम्ल. मिनिटभर थांबून भिंगाशिवाय बघतात. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा होतो. निकाल तिथल्या तिथे मिळतो. आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी ही तपासणी दर पाच वर्षांनी ठेवली आहे. ती फुकट आहे म्हणून बिनकामाची समजू नका. टाटा रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या अशाच तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

दुसरी वाट पॅप तपासणीची, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची. हिचा खर्च पाचशे ते हजार, द्रवातल्या नमुन्याची असेल तर दीड-दोन हजारांपर्यंत. ती दर तीन वर्षांनी करायची. तिसरी एचपीव्ही डीएनए चाचणी, साधारण दोन ते चार हजार. एका खेपेला तीच महाग दिसते, पण तिचा निर्वाळा जास्त वर्षं टिकतो.

हे सिद्ध झालं ते आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत. तिथल्या ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचे चार गट केले गेले आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले. नेहमीसारख्याच राहिलेल्या गटात ६४. चाचणी निर्दोष आल्यावरही पुढे कर्करोग निघण्याचं प्रमाण एचपीव्ही चाचणीच्या गटात पॅपच्या गटापेक्षा सुमारे चौपटीनं कमी होतं.

म्हणून हिशेब असा मांडा. तिशी ते साठीत दर तीन वर्षांनी आठशेची पॅप केली तर आठ हजार आणि दहा फेऱ्या. अडीच हजारांची एचपीव्ही चाचणी दर दहा वर्षांनी केली तर साडेसात हजार आणि तीन फेऱ्या. दर पाच वर्षांनी केली तर पंधरा हजार. जागतिक आरोग्य संघटना पाच ते दहा वर्षांचं अंतर सांगते, आणि किमान ध्येय म्हणून ३५ आणि ४५ या वयांपर्यंत एकेकदा. ते दोनदाचं किमान पाच हजारांत भागतं. फेऱ्या कमी हा फायदा मला पैशाहून मोठा वाटतो, कारण घरातली बाई स्वतःच्या तपासणीसाठी दहा वेळा रजा काढेल यावर माझा विश्वास नाही. या चाचणीचा नमुना स्वतःचा स्वतः घेण्याची सोयही काही ठिकाणी मिळते. पुण्याच्या मायलॅबचे आणि गोव्याच्या मोलबायोचे देशी संच २०२५ साली पुढे आले आहेत. त्यांच्यामुळे दर खाली येतील अशी आशा ठेवायला हरकत नाही.

प्रयोगशाळेत दोनच गोष्टी विचारा. अहवालात १६ आणि १८ वेगळे दाखवणार का? आणि चाचणी फक्त जास्त धोक्याच्या प्रकारांची आहे ना? वीस-पंचवीस प्रकारांची जंत्री देणारी महागडी चाचणी घेऊन चामखिळीचे प्रकार कळतात. त्यांचा कर्करोगाच्या दृष्टीनं उपयोग नसतो. सणासुदीच्या 'फुल बॉडी चेकअप'मधल्या रक्ताच्या कर्करोग-चाचण्यांनी हा कर्करोग लवकर सापडत नाही. ते पैसे वेगळे काढून हीच चाचणी करा. पाळीत जाऊ नका, आणि आधीचे दोन दिवस संबंध व योनीत घालायची औषधं टाळा, नाहीतर नमुना वाया जाऊन फी दुसऱ्यांदा पडू शकते.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर तो कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. पुढची पायरी दुर्बिणीतून पाहण्याची, कॉल्पोस्कोपीची. दीड ते पाच हजार, तुकडा काढला तर त्याच्या तपासणीचे वेगळे. सुरुवातीचा बिघाड असेल तर उष्णता देऊन तो भाग जाळण्याचा उपचार काही मिनिटांत, बहुधा भूल न देता होतो. म्हणून चाचणीआधीच विचारा की पॉझिटिव्ह आली तर पुढचं इथेच होईल की दुसरीकडे धाडाल.

'पांढरं जातं', 'तोंडाला सूज आहे', 'पुढे कॅन्सर होईल' असं म्हणत पिशवी काढायला सांगितली तर मात्र तिथून उठा. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये २०१९ साली झालेल्या सर्वेक्षणात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितींना आधी पॅप किंवा एचपीव्हीचा साधा अहवाल हातात मिळाला असेल? नुसत्या पांढऱ्यावर पिशवी काढणं हा उपचार नाही. शस्त्रक्रियेचं कारण लेखी मागा, तपासणीचा अहवाल मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

विम्यातून लस किंवा साधी चाचणी सहसा भागत नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. जुन्या करपद्धतीत असाल तर आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठीच्या वजावटीच्या मर्यादेत प्रतिबंधक तपासणीचे पाच हजारांपर्यंतचे पैसे धरता येतात, रोखीनं दिले असले तरी. तेव्हा चाचणीची पावती स्वतःच्या नावाची घ्या. लसीच्या कार्डावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, आणि दुसऱ्या डोसाची तारीख त्याच दिवशी घरच्या दिनदर्शिकेवर टाका.