पहिल्या दिवशी मागे राहा

किलिमांजारोला निघालेली माणसं आता मलकपेठेतल्या दवाखान्यातही दिसू लागली आहेत. एखाद्या गटात नाव नोंदवलेलं असतं, हातात तंदुरुस्तीच्या दाखल्याचा कागद असतो, आणि तपासणी झाली की पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर, शिखराच्या रात्री जमेल ना मला?" त्या रात्रीबद्दल सगळ्यांनीच खूप वाचलेलं असतं. पहिल्या दिवसाबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. पुढचं बरंचसं दुखणं तिथेच सुरू होतं, म्हणून आज त्याच दिवसाबद्दल लिहिते.

आपलं हैदराबाद समुद्रसपाटीपासून साधारण 540 मीटरवर आहे. किलिमांजारोच्या मचामे वाटेचं फाटक जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या, म्हणजे 1,646 मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातली सर्वांत उंच जागा जिथे संपते, तिथून ही चढण सुरू होते. दिवसभरात सुमारे 11 किलोमीटर दाट, ओल्या जंगलातून चालायचं आणि मुक्काम 2,800 मीटरच्या वर. दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर केरळातलं अनाईमुडी, 2,695 मीटरचं. म्हणजे पहिल्याच रात्री तुम्ही त्याहून उंच झोपणार. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, आणि 5,895 मीटरवरच्या उहुरू शिखरावर जवळजवळ निम्मा. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण दाब उतरल्यामुळे दर श्वासाला रक्तात कमी पोचतो.

सह्याद्रीत आयुष्यभर हिंडलेल्यांनाही हे समजावून सांगावं लागतं. गोवळकोंड्याच्या पायऱ्या, भोंगीरचा कातळ, हा सराव अवश्य करा. गुडघे, मांड्या आणि दम त्याने तयार होतात. पण विरळ हवेची सवय इथे होत नाही. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा 25 मे 2014 रोजी, चौदाही पूर्ण नसताना, एव्हरेस्टवर पोचली. तिचं शिक्षण भोंगीरच्या खडकावर सुरू झालं खरं, पण त्यानंतर दार्जिलिंग आणि लडाखमध्ये उंचीवरचा सराव झाला होता. तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट तरुण, पळणारी मुलं पहिल्या दिवशी पुढे धावतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात.

म्हणून पहिल्या दिवसाचा माझा मुख्य सल्ला: मागे राहा. तिथले वाटाडे 'पोले पोले', सावकाश सावकाश, असं सारखं सांगत असतात. ते अगदी मनावर घ्या. चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. डोक्यावर सामान घेतलेले भारवाहक झपझप पुढे जातील. त्यांना डोंगराच्या बाजूला सरकून वाट द्या, त्यांच्याशी बरोबरी करू नका. आणि गटातल्या सर्वांत हळू माणसाच्या मागे कुणी कुरकुरत असेल, तर त्याला थांबवणं हेही गटातल्या प्रत्येकाचं काम आहे.

जंगलात दमट हवेमुळे घाम येतो आणि मुक्कामावर पोचताच थंडी वाजते. घामेजलेला सदरा आणि मोजे लगेच बदला, मग गप्पा मारा. पावलावर कुठे गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबून पट्टी लावा. दिवसभरात तीनेक लिटर पाणी घोटघोट प्या. एकदम पोटात ओतू नका, कारण मीठ न घेता पाणीच पाणी प्यायल्यानेही माणूस आजारी पडतो. सूप, ओआरएस, खारे शेंगदाणे सोबत असू द्यात. भूक मेली तरी चार घास खा. दारू नको, झोपेची गोळीही नको.

उंचीचा आजार बहुधा सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. चालताना सगळं छान, आणि रात्री तंबूत कपाळ ठणकायला लागतं, ते यामुळेच. डोकेदुखीसोबत मळमळ, भोवळ किंवा वेगळाच थकवा असेल तर तो उंचीचा आजारच समजा. नुसतं डोकं दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्यायला हरकत नाही, पण गोळी घेतली हे वाटाड्याला कळलं पाहिजे. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत आणखी वर चढायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं.

इथेच गटाचा दबाव आड येतो. आपल्यामुळे सगळे खोळंबतील, पैसे वाया जातील, लोक काय म्हणतील, असं मनात येऊन माणसं "मी ठीक आहे" म्हणतात. मला या खोटेपणाची सर्वांत जास्त काळजी वाटते. संध्याकाळी वाटाडे बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि विचारपूस करतात. त्यातला आकडा या उंचीवर नव्वदच्या आसपास किंवा थोडा खाली दिसला तर तेवढ्याने घाबरू नका. पण विचारलेल्याचं उत्तर खरं द्या. नवराबायको एकत्र असाल तर एकमेकांबद्दलही सांगा.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, श्वास वाढवून शरीराला लवकर जुळवून घ्यायला मदत करतं. नेहमीची मात्रा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे 250 च्या गोळीची अर्धी-अर्धी, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर स्वतःहून घेऊ नका. घरी दोन दिवस घेऊन पाहा, म्हणजे तिचा त्रास कोणता हे आधीच कळेल. डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहराच्या परिसरात हिवताप असतो, तेव्हा त्याच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही निघण्यापूर्वी विचारा.

मधुमेह असेल तर लांब चालण्याने साखर उतरते, खिशात ग्लुकोज ठेवा. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर ती आधी बंद करायची का, हे डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. रक्तदाब उंचीवर थोडा वाढतो. गोळी चुकवू नका. जिना चढताना छातीत दाटत असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग तिकीट. आणि विदर्भ, नंदुरबार किंवा आदिलाबादकडच्या कुटुंबांना एक विशेष विनंती: सिकलसेलची चाचणी करून घ्या. नुसते वाहक असणाऱ्यांना एरवी काही त्रास नसतो, पण उंचीवर त्यांच्या प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली जोरात दुखलं तर लगेच सांगायचं.

नोंदणी करताना पाच दिवसांच्या स्वस्त कार्यक्रमापेक्षा सात किंवा आठ दिवसांचा घ्या. वाचवलेले दोन दिवस शरीराकडून वसूल होतात.

पहिल्या रात्री झोप तुकड्यातुकड्याने लागते. शेजारच्याचा श्वास क्षणभर थांबून पुन्हा जोरात सुरू झालेला ऐकू येईल. उंचीवर असं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. मात्र कुणी बरळू लागला, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला, किंवा पडल्यापडल्याही धाप लागू लागली, तर पहाटेची वाट पाहू नका. तेव्हाच वाटाड्याला उठवा, आणि त्या माणसाला एकटं न सोडता खाली न्या.