सेन्सरला फसवून गाडीची ताकद वाढते का? : एक विज्ञानपाठ



आठवी-नववीच्या पुढची मुलं हल्ली गाड्यांचे व्हिडिओ खूप बघतात. त्यातलाच एक लाडका विषय म्हणजे 'एअरफ्लो सेन्सर बदला, हॉर्सपॉवर वाढवा'. कधी दोनशे-तीनशे रुपयांची 'चिप', कधी जाड पाइप, तर कधी सेन्सरच्या तोंडावरची जाळी काढून टाकण्याचा सल्ला. 'हे खरं असतं का हो?' असं मुलांनी विचारलं, तर नुसतं 'नको त्या भानगडीत पडू नकोस' म्हणून गप्प करू नका. या एका प्रश्नात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूमिती असे तीन धडे दडलेले आहेत. चला तर मग, क्रमाने बघू.

१. हा सेन्सर करतो काय?

पेट्रोल जळायला हवा लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती? १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून इंजिनात किती वजनाची हवा जाते आहे, हे गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, सतत कळावं लागतं. ते सांगणारा हा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे, हवेच्या नळीत बसवलेला असतो.

आतमध्ये एक बारीक तार किंवा पातळ पट्टी विजेने तापवलेली असते. वाहती हवा तिला थंड करते. तापमान टिकवायला जितका जास्त प्रवाह द्यावा लागतो, तितकी हवा जास्त. गरम चहावर फुंकर मारली की चहा लवकर निवतो ना, तेच तत्त्व! बऱ्याच छोट्या गाड्यांत हा सेन्सर नसतो. तिथे नळीतला दाब आणि हवेचं तापमान मोजून हवेचा हिशेब करतात.

२. ताकद येते कुठून?

हे गणित फळ्यावर करून दाखवा. इंजिन १.२ लिटरचं, फेरे मिनिटाला ६०००. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेतं. म्हणजे मिनिटाला ३००० × १.२ = ३६०० लिटर, सेकंदाला ६० लिटर. एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, म्हणून ७२ ग्रॅम. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून ६० ग्रॅम धरू.

६० ÷ १४.७ = सुमारे ४.१ ग्रॅम पेट्रोल. प्रत्येक ग्रॅमला सुमारे ४४ किलोज्यूल ऊर्जा, म्हणजे सेकंदाला १८० किलोज्यूल. त्यातला ३० टक्के भाग कामाला आला असं धरलं, तर ५४ किलोवॅट, म्हणजे जवळपास ७३ हॉर्सपॉवर.

आता मुलांना विचारा, या हिशेबात सेन्सर कुठे आला? कुठेच नाही! ताकद ठरवली ती हवेने. सेन्सर फक्त मोजतो. थर्मामीटरवरचा आकडा खोडल्याने ताप उतरत नाही, आणि काट्यावर बोट दाबल्याने पोत्यातलं धान्य वाढत नाही.

३. फसवलं तर काय होतं?

*चिपची युक्ती.* या स्वस्त चिपमध्ये बहुधा एक साधा रोधक असतो. हवेचं तापमान मोजणाऱ्या भागाचा रोध थंडीत वाढतो. चिप कायम जास्त रोध दाखवते. ईसीयूला वाटतं हवा थंड आहे, म्हणजे घन आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. पण हवा तेवढीच! नेहमीच्या चालण्यात धुरातला ऑक्सिजन सेन्सर ही लबाडी पकडतो आणि पेट्रोल पुन्हा कमी करायला लावतो. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर कंपनीने आधीच पेट्रोल थोडं जास्त ठेवलेलं असतं. त्यात आणखी भर पडली, तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं.

*जाड नळीची युक्ती.* इथे वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवा. ६० मिमी व्यासाच्या जागी ७० मिमी नळी घातली, तर क्षेत्रफळ (७०/६०)² म्हणजे सुमारे १.३६ पट होतं. हवा तेवढीच, पण वेग कमी. सेन्सर खऱ्या हवेच्या सुमारे ७३ टक्केच सांगतो. पूर्ण वेगात १२.५ ला १ हवं असलेलं प्रमाण १७ ला १ होतं. पेट्रोल अपुरं पडतं, इंजिन ठोके देऊ लागतं, आणि शेवटी पिस्टनवर बेततं. जाळी काढली, तर हवा भोवरे घेत येते आणि मापच भरवशाचं राहत नाही.

जुना खेळही सांगण्यासारखा आहे. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ च्या १.६ लिटर इंजिनात हवा मोजायला स्प्रिंगवर झुलणारी झडप होती. हौशी मंडळी स्प्रिंगचं दातेरी चाक एक-दोन दाते सैल करायची. झडप जास्त उघडायची, ईसीयू जास्त पेट्रोल द्यायचा. बदलायचं ते मिश्रण, हवा नव्हे.

४. मग ताकद वाढते कशी?

खरोखर जास्त हवा आत गेली तरच. टर्बोचार्जर हेच करतो. मात्र तेव्हा मोठ्या मापाचा सेन्सर, मोठे इंजेक्टर आणि ईसीयूची नवी मापनपत्रिका, सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं. उलटा अनुभव महाबळेश्वरला येतो. सुमारे १३५० मीटर उंचीवर हवा साधारण १२ टक्के विरळ असते, म्हणून साध्या इंजिनाची ताकदही तेवढी उतरते. तिथे सेन्सर कमी हवा सांगतो ते खरंच सांगतो!

पालकांसाठी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. विम्याच्या दाव्यातही असा बदल आडवा येऊ शकतो. पण मुलाला आधी गणित दाखवा, कायदा नंतर. पटलेली गोष्ट टिकते, दटावलेली नाही.

वर्गात विचारा

१. नळी ६० ऐवजी ६६ मिमीची केली, तर क्षेत्रफळ किती पट होईल?
२. तारेवर धूळ बसली, तर सेन्सर हवा कमी सांगेल की जास्त? का?
३. 'मोजणारं बदललं म्हणून मोजलेलं बदललं' असं वाटण्याची रोजच्या जगण्यातली दोन उदाहरणं द्या.

तिसऱ्या प्रश्नाला परीक्षेतल्या वाढीव गुणांचं उदाहरण कुणी दिलं, तर रागावू नका. त्या मुलाला धडा कळला आहे.